व्यायामाचा तास आणि शिक्षक

मुलगा शाळेतून आला की, गणितात किती गुण मिळाले, हे आपण अगत्याने विचारतो; व्यायामाच्या तासास तो किती वेळ धावला, हे सहसा कोणी विचारीत नाही. वस्तुतः या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मुलापेक्षा शिक्षकाच्याच हाती अधिक असते.

पनवेल तालुक्यातील गव्हाणसारख्या गावचा एखादा वर्ग डोळ्यांपुढे आणा. मुले 48, तास 40 मिनिटांचा. हजेरी व सूचना यांत 10 मिनिटे गेली. पुढे 12-12 मुलांच्या 4 रांगा करून, पाळीपाळीने 20 सेकंद धावविले, तर प्रत्येकाच्या वाट्यास सात पाळ्या, म्हणजे अडीच मिनिटांहूनही कमी धावणे येते! त्याच मुलांच्या 4-4 च्या 12 रांगा केल्या, तर तेच धावणे सात मिनिटांवर जाते. मैदान तेच, मुले तीच. फरक काय तो योजनेचा. खोखोतही एका वेळी पळणारे तीन व पाठलाग करणारा एक. बाकीचा वर्ग बसलेला वा काठावर उभा. उलट लेझीम घेतली, तर सर्वांचेच अंग हलते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या मते 5 ते 17 वर्षांच्या मुलांस रोज सरासरी 60 मिनिटे मध्यम ते जोरदार हालचाल हवी. 1991 साली अमेरिकेत मॅकेन्झी, सालिस व नेडर यांनी अशा तासांच्या निरीक्षणाची एक पद्धत मांडली. तीत मुले बसली, उभी राहिली की धावली, याबरोबरच त्या वेळी शिक्षक काय करीत होते, हेही टिपले जाते.

आपणांस हे तत्त्व परके नाही. औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी संस्थानातील शाळांत सूर्यनमस्कार सुरू केले, ते स्वतः नित्य नमस्कार घालूनच. आचरणाविना उपदेश मुलांस रुचत नाही.

खरी हानी होते ती अशक्त, स्थूल वा लाजाळू मुलामुलींची. गडी निवडताना ती शेवटी उरतात आणि बाद झाल्यावर आधी बसतात; ज्यांस हालचालीची गरज अधिक, त्यांसच ती कमी मिळते. बाद झालेल्यास लगेच दुसऱ्या खेळात घेणे, त्यास एक उत्तेजनाचा शब्द देणे, आणि मैदानाच्या फेऱ्या शिक्षा म्हणून न देणे, एवढे शिक्षकास सहज साधेल.

वडीलधाऱ्यांनीही परीक्षा जवळ आली म्हणून हा तास गणितास देण्याचा आग्रह धरू नये. शिक्षकांस भेटाल, तेव्हा एवढेच विचारावे: "गुरुजी, आमचा मुलगा तासभर खेळतो, की खेळ पाहतो?"