पोट न टेकण्याची किंमत

महिंद्राची नवी थार २ ऑक्टोबर २०२० रोजी बाजारात आली. पहिली गाडी लिलावात १.११ कोटी रुपयांना गेली आणि चार दिवसांत नऊ हजारांवर नोंदण्या झाल्या. हा उत्साह समजण्यासारखा होता. गंमत होती ती त्याच्या जोडीने उमटलेल्या तक्रारींत. जुन्या जीपवर हात बसलेल्यांचे म्हणणे, गाडी लाडावली: टचस्क्रीन काय, ऑटोमॅटिक गिअर काय, पक्के छप्पर काय! थारकडे नव्याने वळलेल्यांची तक्रार नेमकी उलटी. मागे दरवाजे नाहीत, आजी-आजोबांना चढवायचे कसे, चौघांचे सामान ठेवायचे कुठे? दोन्ही बाजू तावातावाने बोलत होत्या. पण ज्या मापावर या गाडीचे कर्तृत्व उभे आहे, त्याचा उल्लेख दोघांच्याही बोलण्यात क्वचितच येई. ते माप म्हणजे पुढच्या आणि मागच्या आसांमधले अंतर, अर्थात व्हीलबेस: २४५० मिलिमीटर.

ओढ्याच्या काठचा उंच बांध ओलांडताना गाडीचे काय होते ते नीट पाहिले की या मापाचा अर्थ उलगडतो. आधी पुढचा बंपर बांधाला भिडतो की त्याच्या वरून निसटतो, हा प्रश्न. थारला इथे ४१.८ अंशांची मोकळीक आहे. शेवटी मागची चाके उतरताना मागचा बंपर घासू नये म्हणून ३६.८ अंश आहेत. ही दोन्ही टोके चाकांच्या बाहेर गाडी किती लोंबते यावर ठरतात, त्यामुळे डिझाइनरला तिथे बरेच काही करता येते. खरी कसोटी मधल्या क्षणी लागते. पुढची चाके बांधापलीकडे उतरलेली, मागची अलीकडेच, आणि माथा बरोबर पोटाखाली. इथे पोट टेकले तर वजन चाकांवरून उतरून मातीवर जाते आणि दीडशे अश्वशक्तीचे पेट्रोल इंजिन चाके नुसतीच गरगरा फिरवत राहते. थारमध्ये हा मधला कोन २७ अंश आहे. त्याच घराण्यातली पाच दरवाजांची थार रॉक्स २०२४ साली आली. तिचा व्हीलबेस २८५० मिलिमीटर आहे आणि तिथे हाच कोन २३.९ अंशांवर येतो. सुझुकीच्या जिम्नीची कथाही हीच: तीन दरवाजांची २२५० मिलिमीटरची जिम्नी २८ अंश देते, पाच दरवाजांची २५९० मिलिमीटरची २४. टायर मोठे घातले, सस्पेन्शन उचलले, तर पोट थोडे वर जाईल. आसांमधले अंतर मात्र कोणत्याही गॅरेजात कमी करून मिळत नाही.

म्हणून ‘लाडावली’ हा आरोप मला पोकळ वाटतो. २०१० च्या थारचा व्हीलबेस २४३० होता. दहा वर्षांत तो अवघा २० मिलिमीटर वाढला. शिडीसारखी चासी राहिली, मागचा सलग आस राहिला, लो रेंजचा वेगळा दांडा राहिला. बदलले ते मागचे पट्ट्यांचे स्प्रिंग. त्यांच्या जागी कॉइल आले, आणि त्याने गाडीचे काही गमावले नाही, उलट साधले. एक चाक खड्ड्यात आणि दुसरे दगडावर असताना कॉइलवरचा आस जास्त मोकळेपणाने वाकडा होतो, म्हणजे चाक जमीन सोडत नाही. वरच्या मॉडेलांत मागचे डिफरन्शिअल यांत्रिकपणे लॉक होते, ६५० मिलिमीटर पाण्यातून जाण्याची क्षमता कंपनी सांगते. ऑटोमॅटिकवर नाक मुरडणाऱ्यांनी तीव्र चढावर क्लच जाळत, गाडी मागे सरकू न देता उचलण्याची कसरत आठवावी. ऑटोमॅटिकमधला टॉर्क कन्व्हर्टर ती कसरत निमूटपणे संपवतो. कौशल्य लागत नाही हे खरे, पण चालकाला त्रास होतो म्हणून गाडी जास्त चढत नाही. जुन्या जीपच्या हालअपेष्टांना तिची ताकद समजण्याची चूक प्रेमापोटी होते, एवढेच.

समोरासमोरच्या बाकांचे तेच. सुरुवातीच्या मॉडेलांत मागे आडव्या बसणाऱ्या सीट होत्या. गाड्यांची धडक-चाचणी घेणाऱ्या ग्लोबल एनकॅपने नोव्हेंबर २०२० मध्ये पुढे तोंड असलेल्या सीटच्या थारला चार तारे दिले, आणि आडव्या सीटची मॉडेले यादीतून गेली. हळहळ झाली. वडापच्या जीपमध्ये गुडघ्याला गुडघा लावून प्रवास केलेल्या महाराष्ट्राला ही बैठक ओळखीची आहे, पण धडकेच्या वेळी आडव्या बसलेल्या माणसाला धरून ठेवायला तिथे फारसे काही नसते, हेही तितकेच ओळखीचे असायला हवे.

दुसऱ्या बाजूचे आक्षेप अधिक वजनदार आहेत. आखूड गाडी महामार्गावर डुलते, कारण रस्त्यावरचा तोच उंचवटा तिला लांब गाडीपेक्षा जास्त कोनात झुकवतो. अगदी खड्या चढावर तर लांब व्हीलबेसच बरा: पुढचा भाग कमी हलका होतो, स्टिअरिंग ताब्यात राहते. म्हणजे आखूडपणा सर्वत्र सरस नाही. तो बांध, खाच, दगडांची वाट आणि जंगलातले अरुंद वळण यांसाठी केलेला सौदा आहे. मागच्या सीटची गैरसोय ही त्याच सौद्याची किंमत. ती गैरसोय दूर करा म्हणणारा माणूस अजाणता वेगळी गाडी मागत असतो. तशी मागणी करण्यात गैर काहीच नाही. फक्त त्याला थारमधला दोष म्हणू नये.

‘बहुतेक थार डांबर सोडतच नाहीत, मग हा कोन कोणासाठी?’ हा प्रश्न उरतो, आणि त्याला कंपनीने स्वतःच उत्तर दिले. जानेवारी २०२३ मध्ये फक्त मागच्या चाकांना ताकद देणारी थार ९.९९ लाखांपासून आली. चार मीटरच्या आतल्या लांबीसोबत दीड लिटरचे डिझेल बसवले की लहान गाडीची करसवलत लागू होते, हा त्यामागचा हिशेब. रूप तेच, आखूडपणा तोच, पुढच्या चाकांना ताकद नाही. पुढे रॉक्स आली. म्हणजे मागे दरवाजे नाहीत ही तक्रार ऐकली गेली, आणि रूप हवे पण चारही चाकांची ताकद नको म्हणणाऱ्यांचीही सोय झाली.

आखूड गाडीसाठी तळमळणाऱ्यांच्या वाट्याला काय आले ते जिम्नीत दिसते. जानेवारी २०२१ पासून तीन दरवाजांची जिम्नी भारतात तयार होऊन बोटीने परदेशी जाऊ लागली. इथल्या शौकिनांनी तिची मागणी सतत लावून धरली. जून २०२३ मध्ये भारतीय ग्राहकासमोर जी जिम्नी आली, तिला पाच दरवाजे होते.