खिशातला संगणक, लेखांक ७ : कुलूपबंद ड्राइव्ह आणि आतली वेगवेगळी यंत्रे

मागच्या लेखांकात टेल्स ही प्रणाली पाहिली. पेनड्राइव्हवरून सुरू करायची, काम झाले की बंद करायची, आणि बंद केली की झालेले सगळे ती विसरते. २०१३ साली एडवर्ड स्नोडेनने आणि त्याच्या संपर्कातल्या पत्रकारांनी तिचाच आधार घेतला होता. विसरणे हा तिचा सर्वांत मोठा गुण. पण वकिलाला अशिलाची कागदपत्रे उद्याही लागतात, डॉक्टरला रुग्णाचे जुने अहवाल लागतात, हिशेब पाहणाऱ्याला मार्च संपला तरी एप्रिलात तीच फाइल उघडावी लागते. त्यांना लक्षात ठेवणारी प्रणाली हवी. फक्त तिच्या पोटात काय आहे ते दुसऱ्या कुणाला कळता कामा नये.

आज तसा ड्राइव्ह तयार करू. त्यावर संपूर्ण एन्क्रिप्ट केलेली डेबियन ही लिनक्स प्रणाली असेल, आणि तिच्यात वेगवेगळ्या कामांसाठी वेगवेगळी व्हर्च्युअल मशीन्स, म्हणजे संगणकाच्या आत चालणारे सॉफ्टवेअरचे संगणक.

आधी मर्यादा सांगतो. ती नीट कळली नाही तर बाकीचा सगळा खटाटोप वाया जातो. एन्क्रिप्शन ड्राइव्हची राखण करते ती तो बंद असताना. लोकलमध्ये खिशातून पडला, रिक्षात राहिला, बॅगेसकट चोरीला गेला, तर सापडणाऱ्याच्या हाती निरर्थक बाइटांखेरीज काही लागत नाही. पासफ्रेज टाकून तो सुरू केला की मात्र तो उघडा असतो, आणि ज्या संगणकाला जोडला आहे त्याच्यावर आपण पूर्ण विश्वास टाकलेला असतो. की-बोर्ड आणि संगणक यांच्यामध्ये बसवलेले बोटभर यंत्रही पासफ्रेज टिपून घेऊ शकते, आणि जगातले कोणतेही एन्क्रिप्शन त्याला अडवू शकत नाही. म्हणून हा ड्राइव्ह घरच्या, भावाच्या, कार्यालयातल्या ओळखीच्या संगणकांवर वापरायचा. सायबर कॅफेत नाही, आणि हॉटेलच्या लॉबीतही नाही.

ड्राइव्ह घेताना साधा पेनड्राइव्ह घेऊ नका. सलग मोठी फाइल लिहिण्यात तो ठीक असतो, पण व्हर्च्युअल मशीन सतत इथे थोडे, तिथे थोडे असे लिहीत असते, आणि तिथे तो हात टेकतो. यूएसबी ३ची, ५०० जीबीच्या आसपासची पोर्टेबल एसएसडी घ्या. यजमान डेबियनला (मशीन्स जिच्यात चालतात तिला) ३० जीबी आणि प्रत्येक मशीनला २०-२५ जीबी दिले तरी पुष्कळ जागा उरते.

आणि त्या ड्राइव्हवर एन्क्रिप्शन होण्यापूर्वी एकही खासगी फाइल ठेवू नका. फ्लॅश मेमरीतले पेशी-कप्पे झिजतात, म्हणून ड्राइव्हचा कंट्रोलर प्रत्येक वेळी नव्या जागी लिहितो आणि जुनी जागा नंतर सवडीने मोकळी करतो. आपण फाइलवर फाइल लिहून जुनी पुसली असे समजतो, तेव्हा तिचे तुकडे आत कुठेतरी शिल्लक असू शकतात. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगो शाखेतल्या संशोधकांनी २०११ साली हे एसएसडी उघडून, चिपांवरचा मजकूर थेट वाचून दाखवले होते. एन्क्रिप्शन पहिल्या दिवसापासून असेल तर उरलेले तुकडेही एन्क्रिप्टेडच असतात.

आता इन्स्टॉलर. डेबियनची आयएसओ फाइल उतरवली की तिचा शा-२५६ हॅश तपासायचा, आणि हॅशच्या यादीवर असलेली जीपीजी सहीसुद्धा. पुष्कळ जण हॅशपाशी थांबतात. २० फेब्रुवारी २०१६ रोजी लिनक्स मिंटच्या संकेतस्थळात घुसखोरी झाली आणि त्या दिवशी मिंट १७.३ची सिनॅमन आवृत्ती उतरवायला आलेल्यांना चोरदरवाजा असलेली आयएसओ मिळाली. ज्याच्या हाती संकेतस्थळ आहे तो फाइलीसोबत शेजारचा हॅशही बदलू शकतो. सही मात्र त्याला बनवता येत नाही, कारण सहीची गुप्त किल्ली त्या सर्व्हरवर नसते. या तपासणीला पाच मिनिटे लागतात. ड्राइव्हचे पुढचे सगळे आयुष्य त्या पाच मिनिटांवर उभे असते, म्हणून ती टाळू नका.

इन्स्टॉल करताना खरा धोका आहे तो घरच्या संगणकातल्या डिस्कला. इन्स्टॉलरला दोन्ही डिस्क दिसतात आणि चुकीची निवडली तर विंडोज आणि घरातले फोटो दोन्ही जातात. शक्य असेल तर आतली डिस्क बायोसमधून बंद करा किंवा तिची केबल काढा. त्याचा दुसराही फायदा आहे. नाहीतर इन्स्टॉलर बूटलोडर आतल्या डिस्कवर लिहून मोकळा होतो, आणि ड्राइव्ह दुसऱ्या संगणकाला लावला की तो सुरूच होत नाही. डेबियनच्या तज्ज्ञ पद्धतीच्या इन्स्टॉलरमध्ये ग्रब हा बूटलोडर काढता येण्याजोग्या माध्यमाच्या ठरावीक जागीही ठेवायचा का, असा प्रश्न येतो. त्याला होय म्हणायचे. नव्या संगणकाला ड्राइव्ह लावल्यावर त्याचे फर्मवेअर बूटलोडर शोधते ते त्याच ठरावीक जागी.

इथे विंडोजवाल्यांना एक सूचना. बूटच्या किंवा सिक्युअर बूटच्या सेटिंगला हात लावल्यावर बिटलॉकर पुढच्या वेळी ४८ अंकी रिकव्हरी की मागू शकतो. ती आधी कागदावर उतरवून घ्या आणि मगच बायोसमध्ये शिरा. डेबियन २०१९च्या दहाव्या आवृत्तीपासून सिक्युअर बूट चालू असतानाही सुरू होते, त्यामुळे बहुतेकांना तो बंद करावा लागणार नाही.

विभागणीच्या पायरीवर ‘एन्क्रिप्टेड एलव्हीएम’ हा मार्गदर्शित पर्याय घ्या. त्यात स्वॅपही एन्क्रिप्शनच्या आत जातो, आणि ते महत्त्वाचे आहे, कारण मेमरी अपुरी पडली की उघडलेल्या कागदपत्रांचे भाग स्वॅपमध्येच लिहिले जातात. इन्स्टॉलर आधी पूर्ण ड्राइव्हवर यादृच्छिक मजकूर भरतो. त्याला वेळ लागतो, लागू द्या.

ड्राइव्ह फिरता आहे, हे डेबियनला ठाऊक नसते. ती फक्त समोरच्या संगणकाच्या वाय-फायचे फर्मवेअर बसवते. इंटेल, रिअलटेक, अथेरॉस यांची पॅकेजेस आपण हाताने घालायची, आणि इंटेल व एएमडी दोन्हींचे मायक्रोकोडही. सुरुवातीला लोड होणाऱ्या इनिटरॅमएफएसमध्ये बहुतेक सर्व ड्रायव्हर घालण्याचा मूळ पर्याय आहे, तो तसाच राहू द्या. ‘फक्त या संगणकापुरते’ हा पर्याय निवडला तर दुसऱ्या घरी जाऊन काळा पडदा बघत बसावे लागेल.

आता पासफ्रेज. डेबियन वापरते ती लक्स पद्धत, आणि तिच्या सध्याच्या दुसऱ्या आवृत्तीत पासफ्रेजपासून किल्ली बनवण्याचे काम आर्गॉन-२ करते. पासवर्ड हॅशिंगच्या जागतिक स्पर्धेत २०१५ साली निवडली गेलेली ही रीत मुद्दाम पुष्कळ मेमरी मागते, त्यामुळे ग्राफिक्स कार्डांचा ढीग लावून कोट्यवधी अंदाज झटपट तपासणे महाग पडते. जुन्या लक्समध्ये ही सोय नव्हती. म्हणूनच २०२३च्या मध्यावर टेल्सनेही आपल्या वापरकर्त्यांना नव्या पद्धतीवर नेले. एक बारकावा लक्षात ठेवा. किती मेमरी मागायची हे ड्राइव्ह ज्या संगणकावर तयार होतो त्याच्या कुवतीवरून ठरते आणि ती १ जीबीपर्यंत जाऊ शकते. तगड्या संगणकावर केलेला ड्राइव्ह २ जीबीच्या जुन्या लॅपटॉपवर उघडताना अडू शकतो.

आर्गॉन कितीही चांगला असला तरी मुलीचे नाव आणि जन्मसाल यांना तो वाचवू शकत नाही. फासे घ्या. १९९५ साली अर्नोल्ड राइनहोल्ड यांनी मांडलेल्या डाइसवेअर पद्धतीत पाच वेळा फासा टाकून ७७७६ शब्दांच्या यादीतून एक शब्द निवडतात. असे सहा शब्द घेतले की शक्यता होतात २ वर २३ शून्ये, याहून थोड्या जास्तच. यादी मराठी शब्दांची स्वतः केली तर पाठ करायला फार सोपी जाते. फक्त ड्राइव्ह सुरू होताना देवनागरी टंकता येत नाही, म्हणून शब्द रोमन लिपीत लिहावे लागतात, आणि दीर्घ ईकार-ऊकाराचे एकच स्पेलिंग आधी ठरवून ठेवावे लागते. जर्मनीत राहणाऱ्या वाचकांनी आणखी एक पाहावे. तिथल्या की-बोर्डवर वाय आणि झेड यांच्या जागा आपल्याकडच्या उलट असतात. ‘झाड’ आणि ‘यमुना’ यादीतून काढून टाकलेले बरे.

आता आतली यंत्रे. व्हर्च्युअल मशीनसाठी व्हर्च्युअलबॉक्स प्रसिद्ध आहे, पण मी केव्हीएम आणि त्यावर व्हर्ट-मॅनेजर सुचवतो. केव्हीएम लिनक्सच्या कर्नलचाच भाग असल्याने सिक्युअर बूट चालू ठेवून चालते. व्हर्च्युअलबॉक्सचे मॉड्यूल मात्र आपल्याला स्वतः सही करून नोंदवावे लागते, आणि ती नोंद प्रत्येक नव्या संगणकावर पुन्हा करावी लागते. इंटेलची व्हीटी-एक्स किंवा एएमडीची एएमडी-व्ही ही सोय त्या त्या संगणकाच्या बायोसमध्ये चालू हवी, नाहीतर मशीन रांगत चालेल.

मी तीन मशीन्सची विभागणी सुचवतो. पहिले कामाचे, त्यात अशिलांची किंवा रुग्णांची कागदपत्रे. दुसरे बँकेचे, त्यात ब्राउझर आणि बाकी काही नाही. तिसरे टाकाऊ. ओळख नसलेल्या माणसाने पाठवलेली पीडीएफ, व्हॉट्सॲपवरून आलेले ‘निमंत्रण’, कुणाच्या पेनड्राइव्हमधली वर्ड फाइल, हे सगळे टाकाऊ मशीनमध्ये आणि इंटरनेट जोडणी काढून उघडायचे. विभागणीमागचा विचार हाच की फसव्या जोडपत्राला कामाच्या फाइली दिसूच नयेत.

टाकाऊ मशीन करण्याची छान रीत आहे. आधी एक स्वच्छ मूळ प्रतिमा तयार करायची. मग तिच्यावर पातळ थर घालायचा. क्यूकाउ-२ या फाइल-प्रकारात ही सोय आहे. मशीन वाचते ते मुळातून आणि लिहिते ते फक्त थरात. काम संपले की थर फेकायचा, दुसरा घालायचा. थर जिवंत असताना मूळ प्रतिमेला हात लावायचा नाही, लावला तर थर बिघडतो. अपडेट करायचे असेल तेव्हा थर काढून मूळ मशीन सुरू करायचे, अपडेट करायचे, बंद करून नवा थर.

मशीन ‘सेव्ह’ करून झोपवू नका, रीतसर बंद करा. झोपलेल्या मशीनची स्थिती त्या संगणकाच्या प्रोसेसरशी बांधलेली असते. घरच्या इंटेलवर झोपवलेले मशीन कार्यालयातल्या एएमडीवर जागे होत नाही. टाकाऊ मशीनमध्ये क्लिपबोर्ड वाटून घेणारा एजंट बसवू नका आणि सामायिक फोल्डर जोडू नका, कारण आपण सोयीसाठी ठेवलेली फट फसवणाऱ्याच्याही सोयीची असते.

विश्वासाची दिशा मात्र एकाच बाजूची आहे. आतल्या मशीनला यजमान दिसत नाही, यजमानाला आतले सगळे दिसते. म्हणून यजमान डेबियनवर ब्राउझिंग नाही, मेल नाही, गाणी नाहीत. तिने मशीन्स सुरू-बंद करावीत, एवढेच. विंडोजमध्ये व्हर्च्युअल मशीन करून आत टेल्स चालवणाऱ्यांना टेल्सचे कर्ते स्वतः सावध करतात तेही याचसाठी. खालचा थर नासलेला असेल तर वरचा शुद्ध राहत नाही.

मशीनच्या भिंतीही अभेद्य नाहीत. मे २०१५ मध्ये व्हेनम नावाची त्रुटी जाहीर झाली. क्यूइम्यूमध्ये, म्हणजे केव्हीएमबरोबरच वापरल्या जाणाऱ्या प्रणालीत, फ्लॉपी ड्राइव्हचे अनुकरण करणाऱ्या कोडमध्ये ती २००४ पासून पडून होती, आणि तिच्यातून आतला हल्लेखोर बाहेर यजमानात येऊ शकत होता. फ्लॉपी कुणी वापरत नव्हते, तरी कोड होता. यावरून दोन कामे निघतात: यजमानाचे अपडेट दर आठवड्याला करणे आणि मशीनच्या सेटिंगमधून नको ती उपकरणे काढून टाकणे.

ही कल्पना पुरती ताणली की क्यूब्स ओएस तयार होते. तिथे प्रत्येक कामाला वेगळे मशीन, नेटवर्कलासुद्धा. २०१२ साली पहिली आवृत्ती आणणाऱ्या योआना रुटकोव्स्का यांनीच २००९ मध्ये ‘दुष्ट मोलकरीण’ या नावाने एक हल्ला दाखवला होता. हॉटेलच्या खोलीत एन्क्रिप्टेड लॅपटॉप ठेवून तुम्ही जेवायला जाता, तेवढ्यात कुणीतरी बूटलोडर बदलते, आणि रात्री तुम्ही टाकलेला पासफ्रेज तो जपून ठेवतो. आपल्या ड्राइव्हवरही बूट विभाग उघडाच असतो. पण इथे फिरत्या ड्राइव्हची बाजू लॅपटॉपपेक्षा भक्कम आहे, कारण बूट विभाग आपल्याबरोबर खिशात जेवायला येतो. तो टेबलावर ठेवून जाऊ नका.

लॅपटॉप मिटून स्लीपमध्ये टाकणे म्हणजे ड्राइव्ह बंद करणे नव्हे. एन्क्रिप्शनची किल्ली तोवर मेमरीतच असते. प्रिन्स्टनच्या संशोधकांनी २००८ मध्ये दाखवले की वीज गेल्यावरही मेमरीतला मजकूर काही सेकंद टिकतो, चिप गार केली तर मिनिटे. उठताना संगणक पूर्ण बंद करायचा.

कायद्याचेही माहीत असू द्या. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९ खाली अधिकृत आदेश आल्यावर एन्क्रिप्शन उघडून देण्यास नकार दिला तर ७ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. व्यवसायामुळे अशी वेळ येण्याची शक्यता असलेल्यांनी आपल्या वकिलाशी आधीच बोलून ठेवावे.

शेवटची गोष्ट आजच करायची. लक्सचा हेडर, म्हणजे एन्क्रिप्टेड विभागाच्या आरंभीचा सुमारे १६ एमबीचा भाग, बिघडला तर पासफ्रेज बरोबर असूनही सगळे कायमचे गेले. लक्स हाताळणाऱ्या क्रिप्टसेटअप या साधनात हेडरची प्रत काढण्याची आज्ञा आहे. ती प्रत दुसऱ्या पेनड्राइव्हवर काढून घरात कुलपात ठेवा. ती निष्काळजीपणे ठेवू नका, कारण पुढे पासफ्रेज बदलला तरी जुनी प्रत जुन्या पासफ्रेजने उघडते. पासफ्रेज बदलला की नवी प्रत काढून जुना पेनड्राइव्ह फोडून टाका. हेडरची प्रत ही फाइलींची प्रत नव्हे. एसएसडी एक दिवस मरतेच, आणि त्यासाठी लागणारा एन्क्रिप्टेड बॅकअप, घरात एक आणि घराबाहेर एक, कसा ठेवायचा ते पुढच्या आठवड्यात. तोवर ड्राइव्हवर मूळ प्रत दुसरीकडे असलेल्याच फाइली ठेवा.