मोजणीबाहेरचा प्रेक्षक आणि त्याचे पत्र

एखादे नाटक चालेनासे झाले तर ते निर्मात्याला नाट्यगृहाच्या दारातच कळते. खुर्च्या रिकाम्या दिसतात, गल्ला हलका लागतो. दूरचित्रवाणीचे तसे नाही. तिचा प्रेक्षक आपापल्या घरात बसलेला असतो. तो पोट धरून हसला की बसल्या जागी पेंगला, हे कार्यक्रम दाखविणाऱ्याला दिसत नाही. म्हणून त्याला प्रेक्षकांची मोजणी करावी लागते आणि कार्यक्रमाचे आयुष्य बहुतांशी त्या मोजणीवर ठरते. मुलांच्या आवडीची एखादी कार्टून मालिका एके दिवशी न सांगता दिसेनाशी होते, तीही पुष्कळदा या मोजणीत हरलेली असते. अशी मालिका पुन्हा सुरू व्हावी म्हणून प्रेक्षकांनी पत्रांची मोहीम कशी चालवावी, ती कोठे फळते आणि कोठे फसते, याचा विचार येथे करावयाचा आहे. विषय वरवर पाहता पोरकट वाटेल. परंतु दूर बसलेल्या सत्तेपुढे लहान गावातील माणसाने आपले म्हणणे कसे मांडावे, हा प्रश्न त्याच्या पोटात आहे.

प्रथम मोजणी कशी होते ते पाहू. आपल्या देशात २०१५ पासून ‘बार्क’ ही संस्था हे काम करीत आली आहे. निवडक घरांतील संचाजवळ एक लहान यंत्र बसविलेले असते. वाहिनीच्या आवाजात आपल्या कानाला न कळणारी एक खूण मिसळलेली असते, ती हे यंत्र ओळखते. त्या वेळी समोर कोण बसले आहे हे घरातील माणसांनी आपापले बटण दाबून सांगावयाचे असते. २०२० च्या अंदाजाप्रमाणे देशात दूरचित्रवाणी संच असलेली घरे २१ कोटी होती. यंत्रे मात्र ५० ते ६० हजार घरांतच. म्हणजे ठोकळ हिशेबाने सुमारे ४ हजार घरांमागे एक यंत्र. २०११ च्या जनगणनेत कणकवली शहराची वस्ती १६ हजारांच्या आसपास भरली. घरामागे चार माणसे धरली तर आपल्या सबंध शहराच्या वाट्याला सरासरीने एकच यंत्र येते. ते आहे की नाही, असल्यास कोणाच्या घरी, हे गुप्त ठेवतात आणि तसे ठेवणे रास्तही आहे.

यात कोणी कोणाला फसवीत आहे असे आमचे म्हणणे नाही. शितावरून भाताची परीक्षा आपणही रोज करतोच. परंतु भात शिजला आहे एवढेच शीत सांगते. जेवणारा किती भुकेला आहे हे ते सांगत नाही. यंत्र किती माणसे पाहतात ते सांगते. किती जिव्हाळ्याने पाहतात ते त्याला कळत नाही. ही दुसरी गोष्ट सांगण्याचे साधन म्हणजे पत्र. पत्रांच्या मोहिमेचे सारे शास्त्र या एका भेदात आहे. ज्या पत्रांनी यंत्राचेच काम करू पाहिले, म्हणजे नुसता आकडा फुगविला, ती कचऱ्याच्या टोपलीत गेली. ज्यांनी यंत्राला न दिसणारा माणूस दाखविला, त्यांचे काही ना काही झाले.

याचे उत्तम उदाहरण आपल्या मालवणी बोलीतच आहे. गंगाराम गवाणकर यांचे ‘वस्त्रहरण’ १९८० साली रंगभूमीवर आले तेव्हा आरंभीच्या प्रयोगांना पुरेशी गर्दी होईना. मच्छिंद्र कांबळी यांच्यावर नाटक आवरते घेण्याची पाळी आली होती. अशा वेळी पु. ल. देशपांडे यांनी प्रयोग पाहिला आणि मनापासून दाद देणारे पत्र लिहिले. ते पत्र जाहिरातीतून लोकांपुढे आले, आणि जे नाटक बंद पडावयाचे त्याचे पुढे पाच हजारांवर प्रयोग झाले. पत्र एकच होते. त्याचे वजन लिहिणाऱ्याच्या नावामुळे होते, हे उघड आहे. पण तेवढ्यानेच नव्हे. लिहिणाऱ्याने नाटक स्वतः पाहिले होते आणि आपल्याला काय आवडले ते स्वतःच्या शब्दांत सांगितले होते. पु. लं.चे नाव आपणापाशी नाही. पण स्वतः पाहिलेले स्वतःच्या शब्दांत सांगणे आपल्या हातचे आहे.

आता परदेशातील एक मोहीम पाहू, कारण या प्रकारच्या मोहिमांची ती मूळपीठ समजली जाते. अमेरिकेत ‘स्टार ट्रेक’ ही अंतराळप्रवासाची मालिका १९६६ साली सुरू झाली. त्या काळी तेथील मोजणी अवघ्या १,२०० च्या आसपास घरांवरून होत असे. दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस मालिका बंद होणार अशी कुणकुण लागताच बीजो ट्रिंबल आणि तिचे पती जॉन यांनी पत्रांची मोहीम उघडली. त्यांची रीत साधी होती : प्रत्येकाने दहा जणांना पत्र लिहावयास सांगावे आणि त्या दहांनी आणखी दहा-दहा जणांना. मात्र ठरीव मजकुराखाली सह्या न करता प्रत्येकाने आपले पत्र आपण लिहावे, असा त्यांचा आग्रह होता. एन.बी.सी. या वाहिनीकडे पत्रांचा इतका लोट गेला की १ मार्च १९६८ रोजी भाग संपताच, मालिका चालू राहणार असून आता कृपया पत्रे पाठवू नयेत, असे तिला पडद्यावरून सांगावे लागले.

परंतु कथा येथे संपत नाही, आणि पुढचा भाग अधिक बोधप्रद आहे. वाहिनीने तिसरे वर्ष दिले ते शुक्रवारी रात्री दहाच्या वेळेला, म्हणजे मालिकेचा तरुण प्रेक्षक घराबाहेर असतो त्या वेळी. खर्चालाही कात्री लागली. १९६९ साली मालिका बंद झालीच. मग ती पत्रे वाया गेली काय? तसेही म्हणता येत नाही. तिसऱ्या वर्षामुळे एकूण ७९ भाग जमले होते. ते ठिकठिकाणच्या केंद्रांवरून पुन्हा दाखविण्यास पुरेसे होते. त्या पुनःप्रसारणाने प्रेक्षक वाढला, आणि १९७३ साली तीच कथा कार्टूनच्या रूपाने परत आली. मूळच्या बहुतेक नटांनीच तिला आवाज दिले. तात्पर्य, मागणी मान्य झाली म्हणून मोहीम संपत नाही. काय दिले आणि कोणत्या वेळेला दिले, हेही पाहावे लागते.

दुसरे उदाहरण निखळ कार्टूनचे आहे. ‘सेलर मून’ ही जपानी मालिका १९९५ साली इंग्रजी आवाज देऊन अमेरिकेत दाखवू लागले. ६५ भागांनंतर गाडी अडली आणि कथा मध्येच तुटली. मुलामुलींनी आणि त्यांच्याबरोबर पुष्कळ मोठ्या माणसांनीही सह्या गोळा केल्या, पत्रे लिहिली. तथापि त्यांच्या लवकरच ध्यानात आले की अडचण आवडीची नसून पैशाची आहे : पुढील भागांना आवाज देण्याचा खर्च कोणी सोसावयाचा? तेव्हा १९९७ साली त्यांनी एक नवी युक्ती केली. आपल्याला बहिष्कार ठाऊक आहे. त्यांनी त्याच्या उलट केले. एका कंपनीची न्याहारीची गोड पोळी ठरावीक दिवशी मुद्दाम विकत घ्यावयाची आणि तिने या मालिकेला जाहिराती द्याव्यात असे तिला कळवावयाचे. त्याच वर्षी राहिलेल्या १७ भागांना आवाज देण्यात आला. ते आधी कॅनडात दिसले, आणि १९९८ मध्ये दुसऱ्या एका वाहिनीवर मालिका अमेरिकेतही चांगली चालली. हे सारे पत्रांमुळेच घडले असे म्हणणे धाडसाचे होईल. पण कार्यक्रम का अडला आहे हे आधी शोधावे आणि जेथे अडला आहे तेथेच पत्र पाठवावे, एवढे त्यातून निश्चित शिकण्यासारखे आहे.

या अनुभवांवरून आपल्या गावात अशी मोहीम चालवावयाची झाल्यास काय करावे? पहिली पायरी चौकशीची. मालिका बंद झाली ती प्रेक्षक घटल्यामुळे, दाखविण्याच्या हक्कांची मुदत संपल्यामुळे, की ठरलेले भागच संपल्यामुळे? प्रत्येक कारणाला पत्ता निराळा. हक्क संपले असतील तर ते ज्याच्याकडे आहेत त्या निर्मात्याला लिहावे. जाहिरात अडली असेल तर जाहिरातदाराला. प्रश्न दूरदर्शनचा वा आकाशवाणीचा असेल तर प्रसार भारतीला लिहून आपल्या खासदारांना प्रत द्यावी. दुसरी पायरी मागणी ठरविण्याची. मागणी एकच असावी आणि देणाऱ्याला पेलणारी असावी. नवे भाग काढण्यास पैसा आणि काळ लागतो. जुने भाग पुन्हा दाखविण्यास त्या मानाने फार थोडा लागतो. २०२० च्या टाळेबंदीत चित्रीकरणे थांबली असता दूरदर्शनने लोकांच्या मागणीवरून ‘रामायण’ २८ मार्चपासून पुन्हा दाखविले आणि एप्रिलमध्ये मोगलीच्या ‘जंगल बुक’चेही भाग काढले. मागणी होती, रिकामी वेळ होती आणि भाग तयार होते. तिन्ही गोष्टी जुळल्या.

तिसरी पायरी प्रत्यक्ष लिहिण्याची. एखाद्या रविवारी वाचनालयात किंवा शाळेच्या वर्गात मंडळींना जमवावे. फळ्यावर पत्ता, मालिकेचे नाव, ती बंद झाल्याचा दिवस आणि मागणी एवढेच लिहावे. पत्राचा मसुदा लिहू नये. मसुदा दिला की चाळीस मुले एकच पत्र चाळीस वेळा लिहितात आणि वाचणारा त्यांची गणना एक अशीच करतो. मुलाने आपले वय लिहावे, गाव लिहावे, घरी कोणाबरोबर बसून मालिका पाहत असे ते लिहावे, आणि तिच्यातील काय आठवते ते लिहावे. शुद्धलेखनाच्या चुका वडीलधाऱ्यांनी सुधारू नयेत. त्या चुका हीच त्या पत्राची मोहर आहे. धमकी, टोमणा आणि खोटी स्तुती मात्र कटाक्षाने टाळावी. पत्र उघडणारा कारकून मालिका बंद करणारा नसतो; पण ते वरच्या टेबलावर ठेवावयाचे की नाही हे त्याच्या हातात असते. सर्व पत्रे एकाच दिवशी टाकू नयेत. एका दिवशी आलेला गठ्ठा एका दिवसात विसरला जातो. सहा आठवडे रोज येणारी दोन-चार पत्रे विसरता येत नाहीत. आणि काम झाले तर आभाराचे पत्र अवश्य पाठवावे, कारण पुढच्या वेळी पुन्हा त्याच दारी जावयाचे असते.

आपल्या लोकांना लिहिण्याचा कंटाळा आहे असे कोणी म्हणेल, तर ते खरे नव्हे. १९९० च्या दशकात दूरदर्शनवरील ‘सुरभि’ या कार्यक्रमाच्या प्रश्नांना उत्तरे म्हणून लाखो पोस्टकार्डे जात असत. अखेर अशा कामासाठी टपालखात्याला अधिक किमतीचे निराळे स्पर्धा-पोस्टकार्ड काढावे लागले. बक्षिसाच्या आशेने उचललेला हात आपली गोष्ट नाहीशी होते तेव्हाही उचलला जावा, एवढाच प्रश्न आहे. तो उचलला गेला तर काय होते याचे उदाहरण अलीकडचे आहे. पुणे आकाशवाणीचा प्रादेशिक वृत्तविभाग बंद करण्याचा निर्णय जून २०२३ मध्ये झाला. श्रोते, पत्रकार आणि लोकप्रतिनिधी यांनी लगेच हरकत घेतली आणि केंद्रीय मंत्र्यांनी तो निर्णय थांबविला. तेथे ओरड होण्यास पुण्यासारखे शहर होते, वृत्तपत्रे होती. कणकवलीच्या मुलांची एखादी मालिका नाहीशी झाली तर तिच्यासाठी ओरड कोण करणार?

म्हणून आम्हांस हा विषय पोरकट वाटत नाही. दहा वर्षांचे मूल जेव्हा मोगलीसाठी पत्र लिहिते, तेव्हा निर्णय कोणीतरी माणूस घेतो, त्याला पत्ता असतो आणि त्याला आपले म्हणणे सभ्यपणे कळविता येते, हे ते शिकते. मालिका परत येईल किंवा येणार नाही. पण हे शिकलेले मूल पुढे गावच्या पाण्यासाठी, एस.टी.च्या फेरीसाठी, दवाखान्यातील रिकाम्या जागेसाठी तसेच पत्र लिहील. मोठ्यांनी त्याच्या हाती कागद द्यावा, पत्ता शोधून द्यावा आणि मजकूर त्याचा त्याला लिहू द्यावा.