मेरीलँडमधली शैक्षणिक कर्जाची करसवलत

अमेरिकेतल्या मेरीलँड राज्यात शैक्षणिक कर्ज फेडणाऱ्यांना राज्याच्या प्राप्तिकरात सवलत मिळते, पण ती मागावी लागते. पदवी वा पदव्युत्तर शिक्षणासाठी किमान 20,000 डॉलर कर्ज काढलेले हवे आणि अर्ज करताना त्यातले निदान 5,000 फेडायचे बाकी हवेत. अर्ज जातो राज्याच्या उच्च शिक्षण आयोगाकडे, 15 सप्टेंबरच्या आत.

आपल्याकडच्या प्राप्तिकर कायद्यातल्या 80ई कलमाशी याची गल्लत करू नये. त्या कलमाखाली, तेही जुन्या करप्रणालीत, शैक्षणिक कर्जावर भरलेले व्याज उत्पन्नातून वजा होते; 30 टक्क्यांच्या टप्प्यातल्या माणसाचे 1 लाख व्याजावर 30 हजारांच्या आसपास वाचतात. मेरीलँडमध्ये मंजूर रक्कम थेट करातूनच वजा होते आणि कर त्याहून कमी असेल तर उरलेले पैसे परत मिळतात. उत्पन्नाच्या मानाने कर्ज जास्त असलेल्यांना प्राधान्य आहे, आणि ते योग्यच आहे.

मिळालेली रक्कम मात्र कर्जफेडीतच घालावी लागते. मुदतीत तसा पुरावा दिला नाही, तर राज्य ती वसूल करते. तेव्हा तिथे राहणाऱ्या मराठी मंडळींनी जुलैतच अर्ज भरावा आणि हप्त्यांच्या पावत्या जपून ठेवाव्यात.