ठळक रंगाची जागा आधी ठरवा

मोजकं सामान, पांढऱ्या भिंती, मोकळी जमीन अशी घरं आता शहरांत सर्रास दिसतात. त्यांत एखादी गडद भिंत येते ती बहुधा सगळ्यात शेवटी, ‘घर फिकं वाटतंय’ म्हणून. तिथेच गफलत होते. इतर गोष्टी कमी केल्या की उरलेल्या प्रत्येक गोष्टीकडे लक्ष जातं. म्हणून मिनिमलिस्ट घरात ठळक रंग कुठे येणार, हे फर्निचर ठरवण्याआधी, आराखड्यातच ठरायला हवं.

वास्तुरचनाकार लुईस बारागान यांचं मेक्सिको सिटीतलं १९४८ सालचं घर याचा उत्तम दाखला आहे. २००४ मध्ये युनेस्कोने ते जागतिक वारसा यादीत घेतलं. रस्त्यावरून ते अगदी साधं दिसतं. आत अरुंद, मंद उजेडाच्या वाटेतून जिन्याच्या दालनात आलं की समोर गर्द गुलाबी भिंत उभी राहते. पायाखाली काळसर ज्वालामुखी दगड, बाजूला पांढऱ्या भिंती आणि वर मथियास गेरित्झ यांचा सोनेरी फलक उजेड परतवणारा. घराच्या खोल्यांकडे वाटा फुटतात त्या याच दालनातून. घराचा मध्य कुठे आहे, ते इथे रंग सांगतो.

त्या गुलाबीचं बळ शेजारच्या पांढऱ्या-काळ्यातून येतं. शेजारच्या रंगाचा हा परिणाम जुनाच ठाऊक आहे. पॅरिसच्या गोबेलिन्स या विणकामाच्या कारखान्यात काळा रंग फिका पडतो अशी तक्रार होती. रंगविभागाचे प्रमुख मिशेल शेव्रल यांनी तपास केला, तेव्हा कळलं की खोट रंगात नव्हती. शेजारच्या धाग्यांमुळे काळा उतरलेला दिसत होता. १८३९ च्या ग्रंथात त्यांनी हे सविस्तर मांडलं. घरातही हाच नियम चालतो. चार भडक रंग एकत्र आले की एकमेकांना मारतात. शांत पार्श्वभूमीवर एकटा रंग खुलतो.

मिनिमलिझम म्हणजे पांढरंच, असा आक्षेप येतो. पण वास्तुरचनाकार खेरिट रीटफेल्ड यांनी १९२४ मध्ये उट्रेख्त इथे बांधलेल्या श्र्योडर घरात पांढऱ्या-करड्यासोबत लाल, पिवळा आणि निळा ठामपणे येतात. तरीही तिथे अनावश्यक असं काही सापडत नाही. ‘आपल्याला रंगांची हौस, हे मोजकेपण आपलं नव्हे’ असंही म्हटलं जातं. पण इरकल लुगड्याचं गडद अंग आणि लाल पदर आठवावा. मोठ्या शांत पटावर मोजका भडक रंग आपल्या डोळ्यांना जुनाच आहे.

भडक रंगाचा कंटाळा येतो, ही शंका मात्र रास्त आहे. म्हणून तो तासन्‌तास बसण्याच्या ठिकाणी समोर नको, येता-जाता दिसेल तिथे हवा. लहान फ्लॅटमध्ये तर पूर्ण भिंतही लागत नाही. कोनाड्याची पाठ किंवा दाराची आतली बाजू पुरते. निवडीआधी मोठा पुठ्ठा त्या रंगात रंगवून जागेवर टेकवावा; सकाळी, दुपारी आणि रात्री दिवे लावून पाहावा. दिवसा झळाळणारा निळा पिवळसर दिव्याखाली मळका दिसू शकतो. तिन्ही वेळा टिकला, तरच डबा उघडावा. आणि एकदा तो लावला, की पडदे, उशा, गालिच्यात त्याच्या जोडीला दुसरा भडक रंग आणायचा मोह आवरावा. नाहीतर आधी केलेला सगळा विचार वाया जातो.