शाळेत कृत्रिम बुद्धिमत्ता : पडताळणीची सवय आधी

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, २०२० ने कृत्रिम बुद्धिमत्तेसारखे विषय योग्य टप्प्यावर शिकविण्याची शिफारस केली. शाळांनी मात्र या साधनाचे स्वरूप प्रथम ओळखावयास हवे. उत्तरे देणारे हे यंत्र प्रचंड मजकुराच्या अभ्यासावरून संभाव्य शब्द जुळविते. त्यामुळे त्याचे सफाईदार उत्तर चुकीचेही असू शकते. स्थानिक विषयांवर मराठी मजकूर अल्प असल्याने हा धोका वाढतो.

पेण तालुक्यातील वडखळचे उदाहरण घेता येईल. या खारेपाटात भातशेतीचे खाऱ्या पाण्यापासून रक्षण बांध व उघाड्या करतात. माध्यमिक विद्यार्थ्यांनी यंत्राला त्यांविषयी विचारावे आणि उत्तर गावातील शेतकऱ्यांकडून तपासून घ्यावे. चूक सापडली, तर तोच खरा धडा होय.

युनेस्कोने २०२३ मध्ये वर्गातील अशा वापरासाठी किमान १३ वर्षे वय सुचविले. म्हणून प्राथमिक वर्गांत हे साधन शिक्षकांच्याच हाती असावे. मुलांची नावे, छायाचित्रे व गुण यंत्रास देऊ नयेत. १८ वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीची तरतूद २०२३ च्या विदा संरक्षण कायद्यात आहे. शाळा व्यवस्थापन समितीने पालकांसमवेत हे नियम आधी ठरवावेत. यंत्र त्यानंतर वर्गात यावे.