समुद्राकडे पाठ

गुहागरात वरच्या पाटापासून खालच्या पाटापर्यंत चालत गेलं की एक गोष्ट लक्षात येते. सगळी जुनी घरं रस्त्याकडे तोंड करून बसली आहेत. समुद्र हाकेच्या अंतरावर, त्याची गाज रात्री माजघरात ऐकू येते, पण ओटी काही त्याच्याकडे उघडत नाही. घराच्या मागे परस, परसात विहीर, विहिरीपलीकडे नारळी-पोफळीचं आगर, आगराच्या टोकाला उंडी नाहीतर सुरू, आणि मग वाळू. दापोलीजवळच्या मुरुडला जा, केळशीला जा, मांडणी साधारण हीच.

आता रत्नागिरीच्या आसपास जमिनीची जाहिरात पाहावी तर पहिला शब्द असतो ‘सी-फेसिंग’. दुसरा शब्द ‘पूल’. शंभर वर्षांत आमच्या घरांनी कूस कशी बदलली, याचा माग काढायचा तर सुरुवात मागच्या दारापासून करायला हवी.

माझ्या आजीचं घर जांभ्याचं होतं. जांभा हा मोठा गमतीचा दगड. जमिनीतून काढताना मऊ असतो, हत्यारानं लोण्यासारखा कापता येतो, आणि हवा लागली की टणक होत जातो. फ्रान्सिस ब्युकॅनन या स्कॉटिश पाहणीदारानं मलबारातला हाच दगड पाहून १८०७ साली त्याला ‘लॅटेराइट’ हे नाव दिलं. लॅटिनमध्ये ‘लेटर’ म्हणजे वीट. आमच्याकडे चिरेखाणीवरच्या माणसाला हे नाव ठाऊक असण्याचं कारण नव्हतं, पण विटेसारखा वापरायचा दगड आहे हे त्याला पिढ्यान्‌पिढ्या कळत होतं. चिऱ्याची जाड भिंत, कमरेएवढं जोतं, आणि वर उतरतं छप्पर. आधी गवत-पेंढ्याचं, मग नळीच्या कौलांचं. १८६५मध्ये मंगळूरला बासेल मिशननं कौलांचा कारखाना काढला आणि ती चपटी, एकमेकांत अडकणारी लाल कौलं समुद्रमार्गे वर सरकत आली. आज ज्याला आपण ‘टिपिकल कोकणी घर’ म्हणतो, त्याच्या डोक्यावरची टोपी अशी दीडशे वर्षांपूर्वीच्या मिशनऱ्यांनी घातलेली आहे.

आतली सजावट म्हणावी तर जवळजवळ नव्हतीच. ओटीवर पितळी कड्यांचा झोपाळा, भिंतीत कोनाडे, खुंट्या, एक फडताळ, माजघरात देव. फणसाच्या नाहीतर किंजळीच्या लाकडाचे खांब, त्यांना वाळवी लागू नये म्हणून काजूच्या टरफलांचं तेल फासलेलं, त्यामुळे आलेला काळपट तकाकीचा रंग. जमीन शेणानं सारवलेली. खिडक्या लहान, गजांच्या. या घराची खरी श्रीमंती म्हणजे अंधार. मे महिन्यात दुपारी दोनला बाहेरच्या पांढऱ्या उन्हातून माजघरात आलं की क्षणभर काही दिसायचं नाही, आणि तेवढ्यात अंगावरचा घाम सुकायला लागायचा. छायेला एवढा मान देणारी दुसरी सजावट मी अजून पाहिलेली नाही.

आणि मागचं दार उघडलं की पाणी.

विहिरीवर रहाट होता. लोटे भरून वर यायचे, पन्हळीत ओतायचे, पन्हळीतून पाणी डोणीत, डोणीतून पाटात आणि पाटानं एकेका पोफळीच्या आळ्यात. रहाटाची करकर हीच आमची दुपार. न्हाणीचं पाणी केळी आणि अळवाकडे जायचं. भांडी घासल्याचं पाणी आणखी कुठल्या तरी झाडाकडे. पाणी वाया जाणं म्हणजे काय, हे त्या परसाला माहीत नव्हतं. आम्ही पोरं पोहायला शिकलो तीही तिथेच, पाठीला दोन असोले नारळ बांधून. वरून काका ओरडत असे, “हात मार, हात!” पोहण्याचा तलाव म्हणून वेगळी जागा असते, तिला निळ्या फरशा असतात, ही कल्पनाच नव्हती.

समुद्राकडे पाठ का, याचं उत्तर जूनमध्ये मिळायचं. रत्नागिरीला वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि तो वरून पडण्यापेक्षा पश्चिमेकडून आडवा येतो. त्याला आम्ही झड म्हणतो. मिरगाच्या आधी घराच्या पश्चिम अंगाला चुडतांची झापं बांधायची, हे काम दरवर्षी ठरलेलं. आगर ही वाऱ्याला दिलेली पहिली भिंत, झापं ही दुसरी, आणि घराची पाठ ही तिसरी.

या शहाणपणाकडे दुर्लक्ष करून उंचावर बांधलेलं एक देखणं घर रत्नागिरीत शंभरांहून अधिक वर्षं उभं आहे. ब्रह्मदेशाचा राजा थिबा १८८५मध्ये पदच्युत झाला आणि १८८६च्या एप्रिलात इंग्रजांनी त्याला इथे आणून ठेवलं. चोवीस वर्षं तो बंगल्या-बंगल्यांतून राहिला. १९१०मध्ये त्याच्यासाठी टेकडीवर राजवाडा बांधून झाला. तीन मजले, उतरती छपरं, अर्धगोल कमानींच्या नक्षीदार लाकडी खिडक्या, पहिल्या मजल्यावर संगमरवरी फरशीचं दालन. जवळच्या थिबा पॉइंटवरून भाट्याची खाडी आणि पुढचा समुद्र दिसतो. दृश्यासाठी घर बांधावं ही चैन आमच्या शेतकऱ्याला परवडणारी नव्हती. कैदेतल्या राजाला मात्र पाहण्यावाचून दुसरं काम काय होतं? सहा वर्षांत, १९१६च्या डिसेंबरात, तो गेला. राणी सुपायालत १९१९मध्ये मायदेशी परतली. आज तिथे संग्रहालय आहे. मी जेव्हा जेव्हा जातो तेव्हा त्या खिडक्यांपाशी थांबतो. आजच्या ‘सी-व्ह्यू’ बंगल्याचा पूर्वज शोधायचा तर तो इथे सापडतो, आणि तो एका बंदिवानाचा आहे, हे मला विसरता येत नाही.

मधल्या काळाबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. मुंबईच्या मनीऑर्डरींवर घरं दुरुस्त झाली. जमीन शेणाची होती ती आधी कोबा झाली, मग शहाबादी, मग मोझेक, आणि नव्वदीत सगळ्यांनी गुळगुळीत स्पार्टेक फरशी घातली, जिच्यावरून पावसाळ्यात घरातलं निम्मं माणूस घसरलं. चिरेबंदी भिंतींवर सिमेंटचा गिलावा चढला आणि पिस्ता नाहीतर गुलाबी रंग लागला, कारण उघडा जांभा म्हणजे पैसे कमी पडले असं लोक समजत. कौलं गेली, स्लॅब आला. स्लॅब म्हणजे प्रतिष्ठा. दोन-चार पावसांत तो गळायला लागला, खाऱ्या हवेनं आतल्या सळ्या फुगल्या, आणि मग स्लॅबवर पत्र्याची उतरती शेड आली. म्हणजे छप्पर काढून स्लॅब घातला आणि स्लॅबवर पुन्हा छप्पर. रत्नागिरीच्या कुठल्याही आळीत मान वर करून पाहा.

विहिरीवर पंप बसला. रहाट मोडला. लोटे काही दिवस माळ्यावर होते, पुढे कुठे गेले कुणास ठाऊक.

१९९८च्या २६ जानेवारीला कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर सुरू झाली आणि मुंबई एका रात्रीवर आली. गणपतीपुळे, आरे-वारे, पावस या बाजूंना बाहेरची माणसं जागा पाहायला लागली. किनाऱ्यालगत बांधणं सोपं नव्हतं, १९९१च्या किनारा नियमन अधिसूचनेनं भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंत बंधनं घातली होती. मग नजर सड्यावर गेली. सडा म्हणजे वरचं कातळी पठार. जुन्या माणसांनी तिथे कधी घर बांधलं नाही, कारण माती नाही, सावली नाही, पाणी नाही. पण तिथून समुद्र अख्खा दिसतो, आणि जमीन स्वस्त होती.

तिथे नवी घरं उभी राहिली आणि एक चांगली गोष्ट झाली, ती कबूल करायला हवी. शिकलेल्या वास्तुरचनाकारांनी जांभ्यावरचा गिलावा उतरवला. मुंबईहून आलेल्या माणसाला तो लाल, छिद्राछिद्रांचा दगड उघडा ठेवलेला आवडला आणि मग गावातल्यांनाही तो आपला वाटू लागला. कौलं परत आली. ओटी ‘सिट-आउट’ होऊन आली. जुन्या वाड्यांचे दरवाजे विकत घेऊन त्यांची जेवणाची टेबलं झाली, माजघरातल्या घडवंचीवर आता टीव्ही असतो. झोपाळा तर सगळीकडे. याला कुणी नाटकीपणा म्हणेल, मी म्हणणार नाही. खांब जळणात जाण्यापेक्षा कुणाच्या दिवाणखान्यात उभा राहिलेला बरा.

माझी तक्रार काचेबद्दल आणि तलावाबद्दल आहे. पश्चिमेला जमिनीपासून छतापर्यंत सरकती काच लावायची, मेमध्ये तिच्यातून ऊन आत घ्यायचं आणि मग वातानुकूलन लावून ते बाहेर काढायचं. जूनमध्ये झड त्याच काचेच्या खाचेतून आत येते. साध्या स्टीलची रेलिंग खाऱ्या वाऱ्यात दोन वर्षांत तांबूस पडतात. ३१६ प्रतीचं स्टील त्यातल्या त्यात टिकतं, आणि लाकडाला काजूच्या तेलासारखं औषध नाही.

आता तलाव. आठ मीटर लांब, चार मीटर रुंद, सरासरी सव्वा मीटर खोल म्हणजे चाळीस हजार लिटर पाणी. दहा हजारांचे चार टँकर. उन्हाळ्यात त्यातून रोज पाच मिलिमीटर पाणी उडून गेलं तरी दीडशे लिटरच्या वर हिशेब जातो, आणि त्याच दिवसांत खालच्या वाडीत टँकरची वाट पाहत हंडे रांगेत असतात. जांभा सच्छिद्र, म्हणून तळ नीट बंद केला नाही तर पाणी मुकाट्यानं खाली झिरपतं. उलट पावसाळ्यात जमिनीतलं पाणी वर चढतं, तेव्हा साफसफाईसाठी तलाव रिकामा केला की खालचा दाब त्याला होडीसारखा उचलू शकतो. जुलैमध्ये तलाव रिकामा करू नये, हे गवंड्याला सांगावं लागतं. काठाला उघडा जांभा दिसायला फार सुंदर, पण पहिल्या पावसात शेवाळानं हिरवा होतो. नारळाखाली तलाव का नको, हे सांगायची गरज नसावी.

२०२०च्या ३ जूनला निसर्ग वादळ आलं. दापोली-मंडणगडकडच्या आगरांत नारळी-पोफळी भुईसपाट झाल्या, कौलं पत्त्यांसारखी उडाली. झाडं मुळासकट पडल्यावर केळशीच्या घरांना अचानक समुद्र दिसायला लागला. कुणीही त्याला ‘सी-व्ह्यू’ म्हटलं नाही.

पावसजवळ एक नवं घर मी पाहिलं, त्यातला तलाव मला पटला. तो पूर्वेला आहे, घराच्या आडोशाला, जिथे जुन्या काळी खळं असायचं तिथे. अरुंद, जेमतेम अडीच मीटर, एका बाजूला पडवीचं छप्पर त्याच्यावर झुकलेलं, त्यामुळे दुपारी अर्ध्या पाण्यावर सावली. छपराचं पावसाचं पाणी जमिनीखालच्या टाकीत उतरतं आणि तलाव त्यातूनच भरतो. आतल्या खोल्यांतून पाहिलं की भिंतीवर पाण्याचा कवडसा हलत असतो, तेवढीच सजावट. समुद्र त्या घरातून दिसतच नाही. पश्चिमेला नुसती एक लांब चिरेबंदी भिंत, आणि तिच्यात एकच कोनाडा.

सड्यावरच्या दुसऱ्या एका बंगल्यात गेल्या वर्षी मार्चमध्ये गेलो होतो. मालक मुंबईला. समुद्राकडे तोंड केलेला मोठा तलाव, काठावरून पाणी थेट क्षितिजात ओतल्यासारखं दिसणारा. राखणदार त्यात बादली बुडवत होता आणि नव्यानं लावलेल्या आंब्याच्या कलमांना एकेक करून पाणी घालत होता. मला बघून थोडा ओशाळला.

“औषद घातलेलं नाय तीन दिस,” तो म्हणाला. “झाडांना चालतं.”